बुधवार पेठेत ख्रिस्ताविषयी बोलताना

ख्रिस्ताविषयी दुसऱ्याला सांगावं की नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सांगावं. ज्याच्या आधारावर आपण उभे राहिलो, त्याचं नाव शेजाऱ्यापाशी जन्मभर काढायचंच नाही, याला मी नम्रता म्हणणार नाही. पण कसं सांगावं, कधी सांगावं आणि कधी गप्प राहावं, याचा विचार आपल्या मंडळ्यांमध्ये फार कमी होतो. पत्रिका किती वाटल्या याचा हिशेब होतो. ज्यांच्या हातात त्या पडल्या त्यांना काय वाटलं, हे कोणी विचारत नाही. बुधवार पेठेत राहणाऱ्या, तिथे दुकान किंवा नोकरी असणाऱ्या, किंवा सेवेसाठी तिथे जाणाऱ्या ख्रिस्ती वाचकांसाठी हे चार शब्द आहेत.

पेठ साधी नाही. दगडूशेठ हलवाई गणपती इथे आहे, पुण्याची ग्रामदेवता तांबडी जोगेश्वरी इथे आहे. अप्पा बळवंत चौकात पुस्तकांची दुकानं, पासोड्या विठोबाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, आणि त्याच पेठेच्या आतल्या गल्ल्यांत देहविक्रय करणाऱ्या बायकांची मोठी वस्ती. इथून चालणाऱ्याला दर दहा पावलांवर कोणीतरी काहीतरी घ्यायला सांगत असतं. अशा ठिकाणी अनोळखी माणूस हातात कागद घेऊन पुढे आला, की तोही काहीतरी खपवायला आला आहे असंच लोक धरून चालतात. त्यात ‘हे लोक पैसे देऊन बाटवतात’ हा संशय पिढ्यान् पिढ्या मुरलेला. त्या संशयावर चिडून उपयोग नाही. वागणुकीने तो खोटा ठरवावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून एक कसोटी आधीच मनाशी धरा. समोरच्याला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्याने ‘नको’ म्हटल्यानंतर आपल्या बोलण्यात, चहात, मदतीत, हसण्यात काडीचाही फरक पडता कामा नये. ज्या प्रसंगी त्याला ‘नको’ म्हणणं अवघड आहे, त्या प्रसंगी विषय काढू नका. समजा, तो तुमच्या हाताखाली काम करतो, त्याने तुमच्याकडून उसने पैसे घेतलेत, दवाखान्यात खाटेवर आहे, किंवा तुमच्या भाड्याच्या खोलीत राहतो. अशा माणसापुढे आपला शब्द जड होतो. तिथे सेवा करा आणि बोलणं त्याच्यावर सोडा.

शास्त्रातही हेच आहे. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहायला सांगितलं आहे. उपदेशांत ‘तयार राहा’ यावर भर दिला जातो. पण उत्तर द्यायचं ते विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यपणे, आदराने, हे त्याच वचनात आहे. ज्यांना ते पत्र लिहिलं ते संख्येने थोडे, विखुरलेले आणि संशयाच्या नजरेखाली जगणारे लोक होते. पुण्यातल्या आपल्या स्थितीपासून हे फार दूर नाही.

लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय या कामासाठी पुन्हा पुन्हा वाचावा. अम्माऊसच्या वाटेवर प्रभू त्या दोघांबरोबर चालू लागतो आणि आधी काय करतो, तर तुम्ही कशाबद्दल बोलताय, असं विचारतो. सगळी हकीकत त्याला ठाऊक असूनही त्यांच्या तोंडून पूर्ण ऐकून घेतो. मग शास्त्र उलगडतो. आणि गाव आलं तेव्हा आपण पुढे जाणार असल्याचं दाखवतो. त्यांनी आग्रह केला म्हणून तो घरात गेला. पुनरुत्थित प्रभू बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मग आपण कोण लागून गेलो?

आता पुण्याच्या इतिहासाकडे वळू, कारण या शहराने या बाबतीत पुष्कळ पाहिलं आहे. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली. त्यांच्या फौजेत ख्रिस्ती सैनिक होते, त्यांच्या उपासनेची सोय व्हावी म्हणून. म्हणजे या पेठांच्या राज्यकर्त्याने आपल्याला जागा दिली तेव्हा इंग्रज इथे सत्तेवर यायचे होते. ही गोष्ट आपल्या मुलांना सांगा. आपण इथे उपरे नाही, आणि ज्यांनी जागा करून दिली त्यांचं देणंही आपल्यावर आहे.

गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन बुधवार पेठेतून चालत जाण्याइतकं जवळ. 1890 साली तिथे व्याख्यानाला बोलावलेल्या पुण्यातल्या नामांकित मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे त्यांत होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हातात धरला. पुढे गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली, आणि शहरात असं ग्रामण्य माजलं की प्रकरण शंकराचार्यांपर्यंत आणि प्रायश्चित्तापर्यंत गेलं. शाळेत आपण ही गोष्ट सनातन्यांच्या हट्टाची म्हणून वाचतो. मला ती यजमानाच्या बाजूनेही वाचावीशी वाटते. एका कप चहाची किंमत पाहुण्यांना किती पडणार आहे, ते यजमानांना कळलं नव्हतं.

तुमच्या दुकानातल्या मित्राला नाताळच्या उपासनेला बोलवण्याआधी हा विचार करा. त्याच्या घरी आई आहे, बायको आहे, भावकी आहे, गल्लीतलं मंडळ आहे. तो आला आणि कोणीतरी त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, तर उद्या त्याला कोणाकोणाला उत्तरं द्यावी लागतील? बोलवू नका असं मी म्हणत नाही. बोलवा, पण घरी सांगून यायला सांगा, शक्य तर बायकोसह बोलवा, आणि मंडळीतल्या उत्साही तरुणांना आधीच बजावून ठेवा, की पाहुण्याला पुढे बोलावून त्याच्यासाठी जाहीर प्रार्थना करायची नाही, फोटो नाही, नाव-नंबर लिहून घेणं नाही. प्रभुभोजन असेल तर ते कोणासाठी आहे हे शेजारी बसून हळू आवाजात समजावून सांगा, म्हणजे तो अवघडणार नाही.

आपल्या मराठी मंडळीतलं सगळ्यांत मोठं नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. त्यांच्यापर्यंत ख्रिस्त कसा पोचला? आगगाडीत. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना सभ्यपणे जागा दिली, संस्कृत काव्याविषयी गप्पा मारल्या, त्यांच्या मतांविषयी आदर दाखवला आणि निघताना नव्या कराराची एक प्रत हातात ठेवून वाचण्याची विनंती केली. टिळकांनी दिलेला शब्द पाळला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. ते गृहस्थ कोण होते, हे टिळकांना पुढे कधी कळलं नाही. आपल्या हातून काय घडलं याचा पत्ता त्या प्रवाशालाही बहुधा लागला नसेल. अहवालात लिहायला त्याच्याकडे काही नव्हतं.

त्या डब्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. त्या माणसाने आधी समोरच्याला प्रिय असलेल्या गोष्टीत, म्हणजे संस्कृत काव्यात, मन घातलं. तुमचा शेजारी वारकरी असेल तर त्याला विचारा की वारीत त्याला काय मिळतं, आणि तो उत्तर देत असताना मधे तोंड घालू नका. टिळक स्वतः आयुष्यभर सांगत राहिले, की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकारामांच्या वाटेने. त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ती आजही आपल्या उपासनेत गायली जातात. ज्या मंडळीच्या गळ्यात हे संगीत आहे, तिच्यातल्या कोणी विठोबाची टिंगल करावी, हे मला सहनच होत नाही. दुसऱ्याच्या देवघराविषयी वाकडा शब्द बोलून कोणी ख्रिस्ताजवळ येत नाही. आलाच, तर मनात कडवटपणा घेऊन येतो. आषाढी वारीच्या वेळी दोन्ही पालख्या नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला असतात. वारकऱ्यांना पाणी द्या, पायाला तेल द्या, औषधं द्या. त्याबरोबर कागद देऊ नका. पाणी पाणी म्हणूनच द्या.

पंडिता रमाबाईंची हकीकत याहून अवघड आहे, आणि ती टाळू नये. 1889 मध्ये मुंबईत उघडलेलं त्यांचं शारदासदन पुढच्या वर्षी पुण्याला आलं. बालविधवांना शिकवायचं, त्यांच्या धर्माला हात लावायचा नाही, असं ठरलेलं होतं, आणि त्या भरवशावर रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक सल्लागार झाले होते. रमाबाई आपली प्रार्थना आपल्या खोलीत करत. दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, 1893 मध्ये सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी कोणावर जबरदस्ती केली नाही, आणि आपली प्रार्थना त्यांनी लपवायला हवी होती असंही मला वाटत नाही. तरीही पालकांची बाजू मला समजते. लहान वय, घर सुटलेलं, आसरा देणारी बाई जे करते ते करावंसं वाटणं स्वाभाविक. शारदासदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या आणि हिंदूच राहिल्या. त्यांचं शिक्षण वाया गेलं असं रमाबाईंना वाटलं असेल का? मला तसं मुळीच वाटत नाही.

यातून एक नियम मी कडकपणे सांगेन. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींशी, आईबापांच्या माहितीशिवाय आणि मंजुरीशिवाय, धर्मांतराच्या हेतूने एक शब्दही बोलू नका. फुकट शिकवणी घेत असाल तर पहिल्याच दिवशी पालकांना सांगा की आम्ही ख्रिस्ती आहोत, इथे गणित आणि इंग्रजी शिकवलं जाईल. एवढं बोललात की मग तेवढंच करा. प्रार्थनेने वर्ग सुरू करायचा असेल तर तेही आधी सांगा. शब्द दिला आणि मागच्या दाराने मोडला, तर तुमच्यानंतर येणाऱ्या दहा ख्रिस्ती शिक्षकांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा होता. 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते, आणि अहमदनगरला मिस फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. मिशनऱ्यांचा त्यांच्यावरचा प्रभाव खरा आहे. पण ते ख्रिस्ती झाले नाहीत. येशूविषयी त्यांनी आदराने लिहिलं आणि आपली वाट वेगळी काढली, 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापला. आपल्यातले काहीजण बोलता बोलता फुल्यांना अर्धे ख्रिस्ती करून टाकतात. असं करू नका. ते खोटं आहे, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. त्या शाळामास्तरांनी मन लावून शिकवलं, विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीने वेगळा झाला, आणि त्याच्या हातून या पेठेत जे घडलं त्याचा फायदा आपल्या आज्यांनाही झाला. एवढं खरं सांगितलं की पुरे.

रोजच्या व्यवहारातले काही प्रश्न असे, की ते अंगावर येण्याआधीच घरात बसून ठरवलेले बरे. पहिला प्रसादाचा. शेजारच्या काकू मोदक घेऊन दारात उभ्या राहतात. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौलाने या विषयाला दोन-तीन अध्याय दिले आहेत, आणि आपल्या मंडळ्यांत यावर एकमत नाही. काहीजण खातात, काहीजण खात नाहीत. तुमचा विवेक जे सांगतो ते करा. पण खात नसाल तर चेहरा पाडून, दार अर्धं लावून सांगू नका. ‘काकू, प्रसाद आम्ही खात नाही, पण तुम्ही आठवणीने आलात, आत या, चहा घेऊ,’ असं म्हटलं की त्यांचा मान राहतो आणि तुमचंही मन साफ राहतं. हातात घेऊन मागे कचऱ्यात टाकणं हा सर्वांत वाईट मार्ग. त्यात दोघांचीही फसवणूक आहे.

वर्गणीचंही तसंच. मूर्तीसाठी द्यायला मन घेत नसेल तर मंडळाच्या कार्यकर्त्यांना स्पष्ट आणि गोड शब्दांत सांगा, आणि त्यांच्या रक्तदान शिबिरात पहिल्या रांगेत झोपा. विसर्जनाच्या रात्री घशाला कोरड पडलेल्या ढोलपथकाला पाणी द्या. गणेशोत्सवाच्या गर्दीत पत्रिका वाटायला मात्र अजिबात जाऊ नका. दुसऱ्याच्या सणात आपलं दुकान मांडण्यासारखं आहे ते, आणि तुमच्या घरच्यांशी कोणी नाताळच्या सकाळी चर्चच्या फाटकाशी तसं केलं तर कसं वाटेल, ते स्वतःला विचारा.

नाताळला मात्र हात आखडता घेऊ नका. करंज्या, चकल्या, केकचा डबा वाड्यातल्या प्रत्येक घरी गेला पाहिजे. मराठी घरातून डबा रिकामा परत येत नाही, आणि त्या येण्याजाण्यातच कधीतरी कोणीतरी विचारतं की तुमच्यात या दिवशी नेमकं काय असतं. तेव्हा सांगा. दोन मिनिटांत, आपल्या घरच्या भाषेत. व्यासपीठावरची भाषा आणि अध्याय-वचनांचे आकडे तिथे नकोत. तुमच्या आयुष्यात ख्रिस्ताने काय केलं ते सांगा: दारू सुटली असेल, भावाशी अबोला मिटला असेल, मूल गेल्यानंतर जगता आलं असेल. जे घडलं नाही ते वाढवून सांगू नका. प्रार्थनेने न बरे झालेले आजारही तुमच्या घरात असतील. तेही लपवू नका. साक्ष देणाऱ्याने कोर्टात जसं पाहिलं तेवढंच सांगायचं असतं, तसंच इथेही.

आतल्या गल्ल्यांत सेवेला जाणाऱ्यांशी थोडं सविस्तर बोलायचं आहे. तिथल्या बायका कर्नाटकातून, बंगालमधून, नेपाळमधून आणि आपल्याच महाराष्ट्रातून आलेल्या आहेत. ज्यांच्या शब्दावर त्या विसंबल्या त्यांपैकी कितीतरी जणांनी त्यांना फसवलं. गोड बोलणाऱ्याचा संशय घेणं त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. योहानाच्या चौथ्या अध्यायात शोमरोनी बाईशी प्रभू बोलतो, तेव्हा सुरुवात तिच्याकडे पाणी मागून करतो. देणारा मी, घेणारी तू, असा थाट तिथे नाही. तुम्हीही तिच्या खोलीत चहा घ्या. तिने दिलेल्या पाण्याला नाही म्हणू नका.

शिधा, औषध, मुलांची फी, रेशनकार्डाची खटपट, हे सगळं कसल्याही अटीशिवाय चालू द्या, आणि ज्या बैठकीत मदत देता त्याच बैठकीत प्रार्थनेचा विषय काढू नका. तिने ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं तर तिथेच, हळू आवाजात, थोडक्यात करा. तिचा फोटो, तिचा आवाज, तिची कहाणी मंडळीच्या सभेत किंवा देणगीच्या पत्रकात वापरू नका. तिने होकार दिला तरीसुद्धा नको, कारण तो होकार तुमच्या मदतीच्या ओझ्याखालचा असू शकतो. पुरुषांनी एकटं जाऊ नये. सुटकेची आश्वासनं देऊ नयेत, कारण ती पाळणं तुमच्या हातात नसतं. मूल धोक्यात दिसलं तर 1098 वर फोन करा, प्रार्थनासभेची वाट पाहू नका. आणि एखादीने ‘तुम्ही इथे का येता?’ असं विचारलं तर गोलमोल उत्तर देऊ नका. आम्ही ख्रिस्ती आहोत, प्रभूने आमच्यावर प्रीती केली म्हणून येतो, तुम्ही काहीही मानलंत तरी येत राहू, असं सांगा. आणि खरोखर येत राहा.

कायद्याचंही थोडं. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. आपल्यातल्या काहींना हा निकाल जाचक वाटतो. मला यात आपल्या श्रद्धेला धक्का लागेल असं काही दिसत नाही. मन पालटणं हे पवित्र आत्म्याचं काम आहे, असं आपण दर रविवारी म्हणतो. मग लोभ, दबाव, भीती किंवा लग्नाचं आमिष यांची गरज आपल्याला पडावी तरी का?

कोणी खरोखरच ओढीने विचारू लागला, तर घाई करू नका. त्याला नवा करार द्या, मार्कापासून सुरू करायला सांगा, आठवड्यातून एकदा बसा. पाळकांची ओळख करून द्या. बाप्तिस्म्याचा विषय निघाला तर त्याच्या घरच्यांशी बोलायला त्याला वेळ द्या. आणि वर्षभराने तो म्हणाला की मला हे पटत नाही, तर त्याच्याबरोबर चहा प्यायला जा.

यात धीर कसा लागतो हे पाहायचं असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नवरा ख्रिस्ती झाला, त्या झाल्या नाहीत. काही वर्षं दोघं दूर राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या आपलं सोवळं आपल्या पद्धतीने सांभाळत होत्या. पुढे त्या ख्रिस्ताकडे आल्या त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळेला. अप्पा बळवंत चौकात कोणत्याही मोठ्या दुकानात हे पुस्तक मिळेल. दोन प्रती घ्या. एक स्वतः वाचा, दुसरी पुस्तकं आवडणाऱ्या एखाद्या शेजाऱ्याला द्या, आणि आवडलं का एवढंच विचारा.